चौथं सेशन

हनुवटीवर केस यायला लागले तेव्हा मी नववीत होते, आणि त्याच वर्षी मी पहिल्यांदा कुणाचं तरी डोकं फोडलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला 'काका' म्हणून हाक मारली आणि वस्तरा हवा का विचारलं. मी लोखंडी कंपासपेटी उचलली आणि दोनदा मारली. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, पहिल्या फटक्यातच त्याच्या भुवईवरून रक्त आलं होतं. बाईंनी मला ऑफिसबाहेर उभं केलं, वडिलांना कंपनीतून बोलावून घेतलं. तिथे उभी असताना मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

लातूरकडून आम्ही भोसरीत आलो त्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. आईने माझ्या केसांवर तिच्या परीने उपाय काढला. दर रविवारी ती मला दाराच्या उजेडात बसवायची, तोंडाला राख फासायची, शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक दातात धरायची आणि केस उपटायला घ्यायची. "हलू नको गं, कातडं यील दोऱ्यात," एवढंच बोलायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, तिच्याही डोळ्यांत यायचं, पण दोरा थांबायचा नाही. एकदा मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तिने राखेच्या हाताने माझ्या थोबाडीत दिली, मानगूट धरली आणि राहिलेली बाजू पुरी केली.

पुढे दोरा गेला आणि प्लकर आला. पर्समध्ये एक, उशीखाली एक, कंपनीच्या लॉकरमध्ये एक. बसमध्ये बोटांना एखादा खुंट लागला की तो उपटेपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही. केस आतल्या आत वळायचे, तिथे पू व्हायचा, मग मी सुई घ्यायचे. डॉक्टरांनी पीसीओडीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पाळी जागेवर आली, केस मात्र होते तिथेच राहिले. हनुवटीकडे कुणाची नजर गेली की माझे हात शिवशिवायचे. लहान भावाला, बसच्या क्लीनरला, एकदा तर नात्यातल्या नवरीला मी मारलं आहे. त्या नवरीच्या हळदीतच मारलं.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटच्या लोखंडी फ्रेम बनतात. मी वेल्ड शॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर. जोड नीट बसलाय का बघायचं, नसेल तर खडूने खूण करायची आणि दोष कुठून आला ते लिहायचं. करोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले, नंतर सगळ्यांचे गेले, माझा राहिला. धुळीची ॲलर्जी आहे असं मी सांगून ठेवलं होतं. पण मास्क लावून जेवता येत नाही. एकदा कॅन्टीनमध्ये शेजारच्या लाइनवरचा एक जुना, तिथल्याच गावचा माणूस समोर बसला, माझ्याकडे नीट बघितलं आणि दोस्ताला म्हणाला, "आपल्यापरीस भारी हाय राव, आपल्याला तर येतच न्हाई अशी."

मी स्टीलचं ताट उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. आमटीसकट. नाकाचं हाड वाचलं, ओठ फाटला. चार जणांनी मला ओढून बाजूला केलं तरी माझा पाय त्याच्या खुर्चीला लागत होता.

चौकशी झाली. त्याला आठ दिवस घरी बसवलं आणि मला ताकिदीचं पत्र मिळालं. एचआरच्या मॅडमनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि सांगितलं की पुन्हा हात उचलला तर थेट गेटबाहेर. मग त्यांनी एका चिठ्ठीवर पिंपळे सौदागरमधल्या एका क्लिनिकचा पत्ता लिहून दिला. त्या स्वतः तिथे जातात म्हणाल्या. धमकी आणि उपाय एकाच टेबलावर मिळाले. चिठ्ठी त्यांच्या तोंडावर फेकावी असं मनात आलं, पण मी ती पर्समध्ये ठेवली. वडील गेले होते, घर माझ्या पगारावर चालत होतं. मला काही सुंदर दिसायचं नव्हतं. कुणी बघितलं तरी हात उठू नये, एवढंच हवं होतं.

क्लिनिक एका मोठ्या सोसायटीसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये, केकच्या दुकानावर. डॉक्टर बाई होत्या, सरळ बोलणाऱ्या. जाहिरातीत कायमचं म्हणतात, पण कायमचं म्हणजे पुष्कळ कमी होणं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं दुखणं आतलं असल्यामुळे काही केस परत येतील, वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या सेशनला यावं लागेल, पांढरे केस लेसरच्या मशीनला दिसतच नाहीत. सहा ते आठ सेशन, मध्ये महिना-सव्वा महिना. आणि आजपासून दोरा नाही, प्लकर नाही, वॅक्स नाही. मशीनचा उजेड केसाच्या काळ्या रंगातून मुळापर्यंत उतरतो. मूळच उपटलं तर तो जाणार कुठे. तोवर फक्त रेझर.

हा रेझर आईला सहन झाला नाही. फर्स्ट शिफ्टची बस पकडायची म्हणून मी पहाटे मोरीत तोंडाला फेस लावून उभी होते आणि ती आत आली. आधी ती मटकन खालीच बसली. मग उठून माझ्या हातातून रेझर हिसकावला. मी सोडला नाही, आणि ओढाताणीत तो माझ्या अंगठ्यावरून फिरला. फेसात रक्त मिसळलं. "आता दाढीच करत बस, गड्यावानी," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला खांद्याला धरून मोरीबाहेर ढकललं आणि कडी लावली. त्या दिवशी बसमध्ये अंगठ्याला रुमाल गुंडाळून बसले होते. तिचा मला राग आला होता, आणि तिची कीवही येत होती.

पहिल्या सेशनला आधी कानाजवळ एक छोटी टेस्ट घेतली, ती ठीक निघाली. मशीन चालवणारी मुलगी बावीस-तेवीसची होती, पिंपरीत राहणारी. तिने हात धुतले, माझा मास्क काढला, दोन बोटांनी हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काहीही उमटलं नाही. भाजीवाली भेंडी बघते तसं तिने बघितलं आणि म्हणाली, "दाट आहेत ते चांगलंय मॅडम, दाट असले की लवकर फरक दिसतो." माझ्या आयुष्यात कुणी माझ्या दाढीला चांगलं म्हटलं असेल तर तिने.

डोळ्यांवर काळा चष्मा, जबड्यावर थंडगार जेल. मग पहिला फटका. तापवलेलं रबर ताणून सोडावं तसा. दुसरा, तिसरा, आणि केस जळल्याचा वास. वरच्या ओठाला इतकं लागलं की मी टेबलाची कड धरून तिला एक शिवी दिली. तिने थांबून माझ्या हातात एक रबरी चेंडू दिला. मागच्या बाईने तिचा हात पिरगाळला होता म्हणाली, तेव्हापासून ती चेंडू ठेवते. घरी गेल्यावर चेहरा लाल, टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या, बर्फ. दोन दिवसांत उतरलं. आठव्या दिवशी केस वाढताना दिसले आणि माझं डोकं सटकलं. मी फोन करून त्या मुलीला वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते वाढत नाहीत, बाहेर पडतायत, उपटू नका. बाराव्या दिवशी तोंड पुसलं तर टॉवेलवर मिरपूड सांडल्यासारखे केस पडले होते. मी टॉवेल आईला नेऊन दाखवला. ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.

तिसऱ्या सेशननंतर हनुवटी साफ झाली. अगदी साफ नाही, पण दोन दिवसांत एकदा रेझर फिरवला की पुरे. एका सोमवारी मी मास्क काढून लॉकरमध्ये ठेवला आणि उघड्या तोंडाने शॉपवर गेले. कॅन्टीनमध्ये मधल्या टेबलावर बसले. कुणी बघितलं नाही. बघितलं तरी नजर थांबली नाही. सव्वा महिना मी कुणावर हात उगारला नाही, घरीसुद्धा नाही. भाऊ म्हणाला, ताई बरी आहेस ना.

त्या दिवसांतही मी रिपेअरच्या टेबलाशी उभी असायचे. जोडात दोष निघाला की तिथला वेल्डर पुन्हा वेल्डिंग मारतो आणि मी शेजारी उभी राहून लगेच तपासते. तो माझ्या डावीकडे. त्याच्या तोंडावर पूर्ण शिल्ड, माझ्या डोळ्यांना फक्त गॉगल. ठिणगी पडली की मी मान वळवायचे. दिवसभर निळा-पांढरा झगझगाट चालू. वर्षानुवर्षं तिथेच उभी होते मी, फरक एवढाच की आता तोंडावर मास्क नव्हता.

चौथ्या सेशनच्या वेळी पंधरा दिवसांवर कस्टमरचं ऑडिट आलं होतं. आमच्या शॉपचा दोषांच्या आकड्यांचा बोर्ड मी समजावून सांगणार होते, पाहुण्यांसमोर, मास्कशिवाय. मला त्याआधी हे सेशन हवंच होतं. त्या मुलीने हनुवटी उजेडाकडे वळवली आणि ती थांबली. डावी बाजू काळवंडल्यासारखी वाटतेय म्हणाली. उन्हात गेला होतात का, तिने विचारलं. मी म्हटलं, पहाटे अंधारात बस पकडते आणि दिवसभर पत्र्याखाली असते, ऊन कुठून आणू. तिने तेच पुन्हा विचारलं, मग म्हणाली, पंधरा-वीस दिवस थांबू या का, निदान मॅडमना बोलावते. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या. मला घाई होती, आणि मला कुणी थांब म्हटलेलं खपत नाही.

"तुला जमत नसेल तर दुसरीला बोलव," मी म्हटलं. "आणि होत असेल तर कर गुपचूप."

तिने केलं. या वेळचं दुखणं वेगळं होतं, खोल. फटका बसून निघून जात नव्हता, तिथेच जळत राहत होता. मी चेंडू दाबत राहिले. दोनदा तिने थांबून विचारलं, दोनदा मी पुढे म्हटलं.

सकाळी आरशात बघितलं तर डाव्या जबड्यावर ओळीने चौकोनी फोड आले होते, मशीनच्या तोंडाच्या मापाचे. पाण्याने भरलेले. दोन फुटून उशीला चिकटले होते.

मी सुट्टी टाकली आणि क्लिनिक उघडायच्या वेळेला पोचले. ती काउंटरपाशी जेलच्या बाटल्या लावत होती. माझ्याकडे वळली, जबडा बघितला आणि तिचा हात तोंडावर गेला. ती काहीतरी बोलणार होती. मी तिच्या कानाखाली वाजवली. तिचं डोकं मागच्या कपाटावर आपटलं, बाटल्या खाली आल्या. मी तिच्या ॲप्रनची कॉलर धरून तिला ओढलं आणि दुसरी मारली, मग तिसरी. तिच्या कानातलं तुटून फरशीवर पडलं. बसलेल्या दोन बायका ओरडत बाहेर पळाल्या. तिने एकदाही उलटा हात उचलला नाही, फक्त कोपर डोळ्यांसमोर धरून 'मॅडम, मॅडम' म्हणत राहिली.

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी आम्हाला वेगळं केलं, माझा जबडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. काळवंडलेल्या कातडीवर असं होतं, म्हणाल्या, कातडीच उजेड खाते. मग त्यांनी मुलीला विचारलं, आधी उन्हाचं विचारलं होतंस का.

"विचारलं होतं मॅडम. दोनदा. थांबू या पण म्हटलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. हे प्रकरण कंपनीत पोचलं तर मी गेटबाहेर होते. चूक तिची ठरली तर प्रकरणच होणार नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं.

"काही नाही विचारलं," मी म्हटलं. "खोटं बोलतेय ती."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. तिने ॲप्रन काढून घडी केला, काउंटरवर ठेवला, कानातलं शोधून घेतलं आणि गेली. डॉक्टरांनी मला मलम दिलं, पुढची सेशन फुकट करते म्हणाल्या, फक्त तक्रार करू नका. रिक्षात बसले तेव्हा मला बरं वाटत होतं. नववीत ऑफिसबाहेर वाटलं होतं, तसंच.

ऑडिट मी मास्क लावून दिलं. फोड सुकले आणि त्यांच्या जागी चॉकलेटी चौकोन राहिले. एकदा मी पाणी प्यायला मास्क खाली केला तेव्हा रिपेअरच्या वेल्डरने ते बघितलं. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने विचारलं, आणि का कुणास ठाऊक, मी लेसरचं सगळं सांगितलं. फक्त त्या मुलीचं सोडून. उन्हात न जाता कातडी काळवंडली कशी तेच कळत नाही, म्हटलं.

त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. गळ्याखाली कॉलरच्या आकाराचा काळा-तांबडा पट्टा होता, त्याखाली छाती अगदी गोरी.

"ताई, आमी तरी कुटं उन्हात जातो? ह्ये वेल्डिंगच्या उजेडाचं हाय. उन्हापरीस वाईट. तुमचा मास्क व्हता तवर वाचला तुमी."

मी मास्क वर घेतला. दिवसाला शंभर फ्रेम बघून दोष कुठून आला ते लिहिणारी मी. त्या मुलीने बरोबर तोच प्रश्न दोनदा विचारला होता.

पण वेल्डिंगचं मला माहीत नव्हतं, ते तरी माफ असेल. तिने विचारलं होतं हे मला माहीत होतं. चार दिवस मी ते गिळायचा प्रयत्न केला. जेवताना आठवायचं, खडूने खूण करताना आठवायचं. एचआरच्या मॅडम त्याच क्लिनिकला जातात, म्हणजे मी तिथे खरं बोलले तर इथे कळणार. हे मी आईला सांगितलं. आईने विचारलं, त्या पोरीला मार लागला व्हता का लई? मी हो म्हटलं. मग जा, म्हणाली, आणि भाकरी उलटवली.

क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टकडून कळलं की ती मुलगी ताथवड्याला, कॉलेजच्या मागच्या एका पार्लरमध्ये आहे, थ्रेडिंग करते. दुपारी मी तिथे गेले. खुर्चीवर एक मुलगी होती, ती तिच्या भुवया करत होती, दोरा दातात. मला बघून तिचा दोरा तुटला. मी बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं, वेल्डिंगचं, मास्कचं, आणि मी खोटं बोलले तेही. ती आरशाशी उभी राहून ऐकत होती, कात्री हातात.

"तुम्ही मारलंत ते सोडा," ती म्हणाली. "पण मॅडमनी मला अनुभवाचं पत्र दिलं नाही. तीन क्लिनिकनी विचारलं, आधीचं ठिकाण का सोडलं. मी काय सांगू? तीन वर्षं मशीन चालवलंय मी. आता दोरा धरतेय."

मी म्हटलं, आत्ता चल.

माझ्या स्कूटीवर ती मागे बसली, मागचा दांडा धरून. क्लिनिकमध्ये मी डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि बोलले. हिने दोनदा विचारलं, थांबायलाही सांगितलं, मीच दटावलं, आणि मी खोटं बोलले. डॉक्टर रागावल्या, मला रागावल्या तितक्याच तिलाही, पेशंटने दटावलं म्हणून ऐकायचं नसतं म्हणून. जागा आता भरली होती. पण त्यांनी कागद घेतला आणि तिथल्या तिथे पत्र लिहून, शिक्का मारून तिच्या हातात दिलं. मला म्हणाल्या, तुम्ही पुन्हा इथे येऊ नका. बातमी एचआरपर्यंत पोचली, पोचणारच होती. मला शॉपवरून काढून स्टोअरला टाकलं. खरं तर मी गेटचीच तयारी ठेवली होती.

केसांचं म्हणाल तर अर्धे गेले, अर्धे आहेत. दोन दिवसांनी रेझर लागतो. चॉकलेटी चौकोन वर्षभरात फिके झाले.

त्या दिवशी आम्ही क्लिनिकचा जिना उतरत होतो. ती पत्र वाचत एक पायरी पुढे, मी मागे. खालच्या पायरीवर ती वळली, पहिल्यांदाच थोडी हसली आणि म्हणाली, झालं काम. मला इतकं हलकं वाटलं की तिच्या पाठीवर थाप द्यायला मी हात वर केला.

ती झटकन खाली वाकली. पत्र पडलं आणि तिचं कोपर डोळ्यांसमोर आलं.

मी हात खाली घेतला. ती हळूहळू सरळ झाली, पत्र उचललं, त्याची धूळ पुसली.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली.